टोप्या आणि खुंट्यांची वाटणी

आमच्या घरी आमटीत रिबीट निघालं तर कुणी ताट बाजूला सारत नसे. ज्याच्या वाटीत ते निघालं तो ते चोखून स्वच्छ करायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, आणि जेवणं उरकली की मी ते उचलून पुढं नेऊन रिबिटांच्या डब्यात टाकायची. 'पुढं' म्हणजे आमची चामड्याची कार्यशाळा. हा शब्द मी आत्ता लिहिताना वापरते एवढंच, घरात तिला कुणी नाव दिलेलं नव्हतं. चिंचवडला रेल्वेलायनीच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाला जोडलेली पत्र्याची लांब शेड. मागं राहायचं, पुढं काम करायचं. अण्णा कुठं आहेत, तर पुढं. काकू कुठं गेली, तर पुढं. वेल्डिंगवाल्यांचे हातमोजे, ॲप्रन, पहारेकऱ्यांचे कमरपट्टे, फिटर लोक कमरेला लावतात त्या हत्यारांच्या पिशव्या, असं आसपासच्या कंपन्यांना लागणारं सगळं तिथं व्हायचं. सकाळी आठाच्या भोंग्याला हातोड्या सुरू व्हायच्या. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला ठोकण्याचा आवाज ऐकू यायचा आणि त्यावरून कळायचं, आज रिबीट चाललंय की बटण. रिबिटाचा आवाज बद्द, बटणाचा टणक. अजूनही शेजारी कुणी भिंतीत खिळा ठोकला की मी मनातल्या मनात ओळखायला बसते. सवय काही जात नाही.

माझे वडील अण्णा बार्शीकडचे. धंदा पिढीजात, पण गावात त्यात दम उरला नाही म्हणून इकडे आले, आणि त्यांच्यामागं त्यांचे धाकटे भाऊ दत्तात्रय, म्हणजे आमचे तात्या. आई कुरुळीची. मालनकाकू, तात्यांची बायको, पुन्हा बार्शीकडची. त्यामुळं घरात दोन भाकऱ्या व्हायच्या. आई बाजरीची थापायची, काकू ज्वारीची. "अक्का, तुमच्या बाजरीनं घशाला कोरड पडते बघा," काकू म्हणायची. "तुझी ज्वारी खाल्ली काय नि न्हाई खाल्ली काय, पोटाला कळत न्हाई," आई म्हणायची. रोज तेच, त्याच सुरात, आणि दोघी एकाच परातीत पीठ मळत असायच्या. मी दोन्ही खायची. काकूची शेंगादाण्याची चटणी आणि आईची बाजरीची भाकरी हे माझं आवडतं जेवण, आणि त्यावर दोघीही नाराज.

आता माझं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. मी अण्णा आणि आईची मुलगी. पण मी पुरती चालायला लागले नव्हते तोवर पाठचा भाऊ झाला, आई बाळंतपणात फार आजारी पडली, आणि काकूनं मला उचलून स्वतःच्या अंथरुणात घेतलं. थोडे दिवस म्हणून घेतलं होतं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. काकूला मूल नव्हतं. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या वेण्या घातल्या, माझ्या डोक्यातल्या उवा मारल्या. आईला मी आई म्हणायची, पण रात्री कूस बदलली की हात काकूच्या अंगावर पडायचा. मला स्वतःला यात कधी काही चमत्कारिक वाटलं नाही. मैत्रिणींनी "तू नक्की कुणाची गं?" असं विचारलं की मात्र माझी पंचाईत व्हायची. मी म्हणायची, "दोघींची." त्या हसायच्या.

पुढच्या शेडमध्ये माझं खातं डब्यांचं. हे मला कुणी सोपवलं ते आठवत नाही, पण शाळेतली बाराखडी पक्की व्हायच्या आधी मला डबे पाठ होते. भिंतीला तीन लांब फळ्या, त्यांवर बिस्किटांचे, तुपाचे, पावडरीचे, तपकिरीचे पत्र्याचे डबे. बक्कलं, कड्या, आयलेट, रिबिटं, सगळं बारीक सामान त्यांत. डब्यावर नाव लिहायचं नाही असा अण्णांचा कायदा. त्यातला एक नग डब्याच्या तोंडाशी तारेनं बांधायचा. "वाचायला थांबावं लागतं, बघायला न्हाई," ते म्हणायचे. संध्याकाळी काम थांबलं की झाडलोट. एका बिघडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक मी सुतळीला बांधून जमिनीवरून ओढत न्यायची. लोखंडी नग त्याला चिकटून यायचे. पितळ काही चिकटत नाही, त्यासाठी काकू सूप घेऊन यायची, चामड्याचा भुसा आणि धूळ पाखडायची, आणि तांदळातले खडे निघावेत तसे पितळेचे नग सुपाच्या काठाशी गोळा व्हायचे. एकदा मी शहाणपणा करून पिठाची चाळण वापरली. आईनं तीच चाळण माझ्या पाठीत घातली. आमटीत पहिलं रिबीट निघालं ते त्याच आठवड्यात असावं.

या डब्यांत दोन डबे फळीवर नसायचे. ते कामाच्या जागीच, खाली, दोघा भावांच्या मांडीशी. टिचबटणांचे. टिचबटण म्हणजे तेच, दाबलं की टच्च करून लागतं ते. त्याची दोन अंगं असतात. वरच्या झाकणपट्टीला बसते ती टोपी, खाली पिशवीला बसते ती खुंटी. पिशव्यांची झाकणं तात्या करायचे, म्हणून टोप्यांचा डबा त्यांच्यापाशी. पिशवीचं अंग अण्णा करायचे, म्हणून खुंट्यांचा डबा त्यांच्यापाशी. बाजारातून नवीन सेट आले की मी फरशीवर बसून टोप्या वेगळ्या आणि खुंट्या वेगळ्या करायची आणि ज्याच्या त्याच्या डब्यात ओतायची. दोघं पाठीला पाठ लावून बसायचे. एकाचं झाकण आणि दुसऱ्याची पिशवी शेवटी माझ्या हातात यायची. मी बटण लावून बघायची. लागलं की पिशवी ढिगात.

माझी सून हिंजवडीला कामाला आहे. मागच्या महिन्यात तिनं मला खणाखणांचा एक पारदर्शक डबा मागवून दिला, औषधं ठेवायला. "आई, यात काही गोंधळ होणारच नाही," म्हणाली. मी त्यात सुया, बटणं आणि हुक ठेवलेत आणि औषधं पुन्हा पिशवीत. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर वेगळं व्हायचं ठरलं. का ठरलं हे मला तेव्हा कळलं नाही आणि, खरं सांगते, आजही कळलेलं नाही. कुणी म्हणालं, तात्यांना भोसरीत स्वतःची शेड मिळत होती आणि अण्णांना ते पटलं नाही. कुणी म्हणालं, अण्णा एका कंपनीच्या साहेबासमोर तात्यांना काहीतरी टाकून बोलले. आईच्या बोलण्यावरून वाटायचं की दोष शिलाई मशिनीचा आहे, आणि काकूच्या बोलण्यावरून वाटायचं की दोष आईचा आहे, तर दुसऱ्या दिवशी दोघी मिळून लसूण सोलत बसलेल्या. मोठी झाल्यावर, दोघे भाऊ गेल्यानंतर, मी एकदा काकूला धीर करून विचारलंच. ती म्हणाली, "मला वाटलं तुझ्या आईला माहीत असंल." आता काय कपाळ बडवून घ्यायचं? एवढं आठवतं की पाठीला पाठ लावून बसणारे दोघे एका सकाळी तोंडं दोन भिंतींकडे करून, अंतर ठेवून बसले, आणि त्यांच्यामधली फरशी रिकामी पडली. हातोड्या चालू होत्या. बोलणं बंद.

मला एकच प्रश्न होता, आणि तो कुणाला विचारावा ते कळत नव्हतं. मशीन वाटणार, चामडं वाटणार, पातेली वाटणार. भाऊ आईच्या कुशीत वाढलेला, त्याचा प्रश्नच नव्हता. मी कुणाच्या वाट्याला? आईला विचारावं तर तिला वाटेल, पोरीला असा प्रश्न तरी कसा पडतो. काकूला विचारावं तर ती रडेल. मी रोज दोघींच्या तोंडाकडं बघायची. आई माझ्याशी नको इतकी गोड वागायला लागली होती, आणि काकू उगाच तुसडेपणानं वेणी ओढायची. मला वाटायचं, आईला मी हवी आहे आणि काकूला नकोशी झाले आहे. दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं वाटायचं. अभ्यासात लक्ष लागेना. जेवताना हात कुठल्या भाकरीकडे जातोय याकडे सगळे बघतायत असं वाटून मी भातच वाढून घ्यायला लागले.

वाटणीला कुरुळीहून मामा आला. आता कुरुळीत गेलात तर कंपन्यांच्या भिंती आणि कामगारांच्या चाळींशिवाय काही दिसत नाही, तेव्हा मामाची तिथं कांद्याची शेती होती. चामड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच तो मधला माणूस म्हणून दोन्ही भावांना चालला. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला हात मारता येत नाही. मोठ्या वस्तू पटकन उरकल्या. दोन मशिनी होत्या, एकेक झाली. चामड्याच्या घड्या समोरासमोर लावल्या. राहिलं बारीक सामान. ते मोजायचं कसं म्हणून मामानं कोपऱ्यावरच्या हमीदचाचांच्या हार्डवेअरच्या दुकानातून तराजू आणला. हमीदचाचा स्वतःच तराजू घेऊन आले, कारण त्यांना आमच्या घरातलं भांडण बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"दाजी, तुमी घाला दोन्ही पारड्यांत, मी काटा बघतो," मामा म्हणाला. अण्णा एकेक डबा ओतत गेले. मोठी बक्कलं निम्मी या बाजूला, निम्मी त्या बाजूला. कड्या, आयलेट, रिबिटं, सगळं निम्मं निम्मं, काटा मधोमध. मी फळीवरून डबे काढून देत होते. माझ्याशिवाय कोणता डबा कुठं हे कुणाला झटकन सांगता आलं नसतं. सगळ्यात शेवटी ते खालचे दोन डबे राहिले. अण्णांनी टोप्यांचा डबा उचलला आणि अख्खाच्या अख्खा डाव्या पारड्यात ठेवला. खुंट्यांचा डबा उचलला आणि उजव्या पारड्यात ठेवला. काटा थोडा डावीकडं झुकला, तर त्यांनी उजवीकडं मूठभर रिबिटं टाकली. काटा सरळ झाला.

मी अण्णांकडं बघितलं. मग तात्यांकडं बघितलं. दोघांनी जन्म या कामात घातलेला. खुंटीशिवाय टोपी म्हणजे नुसती टिकली, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. मी म्हणाले, "अण्णा, बटणांचं..."

"सुमे, मोठ्यांच्या मधी बोलू नकोस," अण्णा म्हणाले. रागानं नाही, अगदी हळू.

"झालं का मग?" मामानं विचारलं. "वजन बरुबर हाय. काय रं दत्ता, तुला पटतंय न्हवं?"

तात्यांनी दोन्ही ढिगांकडं बघितलं. त्यांच्यासमोर त्यांचा स्वतःचा टोप्यांचा डबा होता, वर्षानुवर्षं मांडीशी ठेवून घासून गुळगुळीत झालेला. "पटतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी खुंट्यांचा ढीग उचलला. हमीदचाचांनी एकदा त्या दोन डब्यांकडं बघितलं आणि तराजू घेऊन निघून गेले.

यात कोण चुकलं, कुणी मुद्दाम केलं, कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं, याचा मी आजवर हजारदा विचार केलाय. अण्णांनी तात्यांना खोडा घालायला केलं म्हणावं, तर कुठला डबा कुणाकडं जाणार हे उचलणाऱ्याच्या हातात होतं, आणि खोडा दोघांनाही बसणार होता. चुकून झालं म्हणावं, तर तात्यांना दिसलं नाही? आणि तात्यांनी आपला डबा सोडून थोरल्या भावाचा का उचलला? काही म्हणजे काही उलगडा होत नाही. त्या दिवशी मात्र मला त्या बटणांचं काही नव्हतं. पारडी रिकामी झाली, माणसं उठली, आणि माझं नाव कुणी घेतलं नाही. दुपारी टेम्पो आला. काकूची पेटी चढली, पातेली चढली, सूपही गेलं. मी दारात उभी. काकू माझ्या जवळून गेली, माझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि टेम्पोत बसली. तिनं मला 'चल' म्हटलं नाही. आईनं मला 'थांब' म्हटलं नाही. टेम्पो वळला तसं आई म्हणाली, "आत ये, ऊन लागतंय." म्हणजे मी इथली झाले, असं मी समजले, आणि मला इतका राग आला की मी रात्री जेवले नाही. राग आईचा नव्हता. काकूचा होता. एक शब्द बोलली असती तर तिचं काय जाणार होतं?

मग जे व्हायचं ते झालं. अण्णांपाशी पिशव्यांचं काम आलं आणि खुंट्या नाहीत. तिकडं भोसरीत तात्यांपाशी ॲप्रनचं काम आलं आणि टोप्या नाहीत. हमीदचाचांकडं सुट्टी अंगं मिळत नाहीत, माल जोडीनंच येतो. "नया सेट ले जाओ ना अण्णा," ते म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "घरात डबाभर माल पडलाय, चाचा. विकत कशाला घेऊ?" आणि पिशव्यांना बक्कल लावून द्यायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं. तात्या तिकडं ॲप्रनला नाड्या लावून देतायत असं कळलं. कंपनीच्या माणसांनी दोघांनाही बटणाचं काम होत नसेल तर सांगा, असं सुनावलं. दोघांचंही तेच. एकाच आईचे ना.

एके रविवारी आईनं भाकऱ्या बांधल्या आणि मला म्हणाली, "जा, मालनला बाजरीच्या भाकरी देऊन ये. तिथं तिला कोण थापून देतंय." काकूला बाजरी आवडत नाही हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं. अण्णा मान खाली घालून चामडं कापत राहिले. मी भोसरीच्या बसमध्ये बसले आणि मांडीवरचा डबा इतका जड का म्हणून झाकण काढलं, तर भाकरीच्या खाली फडक्यात टोप्या. काकूनं डबा उघडला, भाकरी बाजूला ठेवल्या, फडकं सोडलं, टोप्या ओतून घेतल्या, आणि त्याच फडक्यात खुंट्या बांधून वर तिच्या ज्वारीच्या भाकरी ठेवल्या. जणू शेजारणीकडून विरजण न्यावं. तात्या आले, ओतलेल्या टोप्या बघितल्या, म्हणाले, "चाच्यानं सुट्टं द्यायला सुरुवात केली वाटतं." काकू म्हणाली, "केली असंल." घरी आल्यावर अण्णाही तसंच काहीसं पुटपुटले. हे असले लोक. मला हसावं की रडावं कळेना.

त्या दिवसापासून दर रविवारी मी जायची. दोन्हीकडं बटणं लागायला लागली, गिऱ्हाइकं गप्प झाली. पण माझं काय? काकू मला जेवू घालायची, डोकं विंचरायची, आणि उन्हं उतरायला लागली की स्वतःच म्हणायची, "ऊठ, बस चुकंल." एकदाही 'आज राहा' म्हणाली नाही. मी मुद्दाम उशीर करायची, चप्पल शोधत बसायची. तर ती चप्पल शोधून द्यायची. बसमध्ये बसल्यावर मला वाटायचं, हिला आता मी नकोच आहे, नव्या घरात ही सुखात आहे. घरी यावं तर आई माझ्याकडं असं बघायची की मी परत आले याचं तिला नवल वाटतंय. मग मला वाटायचं, हिलाही नकोय. मी कुणाचीच नाही, मी फक्त टोप्या-खुंट्यांची हमाल आहे. वय तसलं होतं, रडू नाकाच्या शेंड्यावर. पण त्या वयाला खोटं म्हणायला माझी अजून जीभ वळत नाही. खरंच तसं वाटत होतं.

आणि मग टोप्या संपत आल्या. डब्याचा तळ दिसायला लागला. एका रविवारी आईनं बांधलेलं फडकं इतकं हलकं होतं की मी बसमध्ये ते न उघडताच समजले. काकूनंही ओतून घेताना बघितलं. तिच्याकडच्या खुंट्याही तळाशीच होत्या. ती म्हणाली, "आता झालं," आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही. मी एकटीच उठले आणि बस धरली. येताना सगळा रस्ता मला एकच दिसत होतं, की आता पुढच्या रविवारी घरातून निघायला निमित्तच नाही. नुसतं काकूला भेटायला जाते, असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. वेगळे झाल्यावर तर नव्हतीच. घरी आल्यावर मी भाकरीचा रिकामा डबा अण्णांच्या मांडीशी ठेवला. त्यांनी तो हलवून बघितला. आवाज आला नाही.

आठवड्यात एके दिवशी शाळेतून आले तर हातोडी बंद. अण्णा फरशीवर बसले होते, माझ्या जागी, आणि त्यांच्यापुढं हमीदचाचांकडून आणलेल्या नव्या सेटच्या पुड्या फोडलेल्या. घरात माल असताना विकत न घेणारा हा माणूस चष्मा नाकावर आणून एकेक बटण उचलत होता. टोपी या डब्यात, खुंटी त्या डब्यात. मी म्हणाले, "अण्णा, आता कशाला वेगळं करताय? आता सगळं तुम्हालाच लागणार. मी करते ना."

"राहू दे. माझं मी करतो," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "वाटणीतलं थोडं राहिलं होतं." मला काही कळेना. वाटणीतलं काहीही राहिलं नव्हतं, सगळं माझ्यासमोर तर पारड्यात पडलं होतं.

रविवारी त्यांनी स्वतः पिशवी भरून माझ्या हातात दिली. फडकं नाही, भाकरी नाही, पिशवीत वरच, काही न लपवता ठेवलेला डबा, नव्या कोऱ्या टोप्यांचा. "दत्ताच्या हातात दे," म्हणाले. आई चुलीशी होती, ती वळली नाही.

भोसरीला तात्या दारातच होते. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढलं. जुन्या टोप्या काळवंडलेल्या असायच्या, या चकचकीत होत्या. त्यांनी एक उचलली, उन्हात धरली, बोटांत फिरवली. "ह्या नव्या हाईत," ते म्हणाले. "सेट फोडून काढल्यात." मी मान हलवली. "कुणी फोडले? तू?"

"अण्णांनी," मी म्हणाले. "मला हात लावू दिला नाही."

तात्या तसेच पायरीवर बसले. डबा मांडीशी ठेवला, जिथं त्यांचा डबा पूर्वी असायचा तिथं, आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. मग आत हाक मारली. "मालन, पोर आज राहंल हितं."

काकू बाहेर आली. "तात्या, आई वाट बघेल," मी म्हणाले. म्हणजे बघा, ज्याच्यासाठी मी इतके दिवस जीव टाकत होते ते मिळालं, आणि मी काय बोलले. तात्या म्हणाले, "पिशवीत अजून काय हाय बघ."

डब्याच्या खाली, कागदात गुंडाळलेला, माझा परकर-पोलका होता. घडी आईची, ती परकराची पट्टी आत दुमडते तशी दुसरं कुणी दुमडत नाही. वर कंगवा आणि माझी रिबन. मी ते हातात घेतलं. आईनं हे मला न सांगता घातलं होतं. मला वाटलं, झालं, आपल्याला देऊन टाकलं. इतके दिवस मला काकूकडं यायचं होतं, आणि आता आईनं पाठवलं तर आईच हवीशी वाटायला लागली. मी काकूला म्हणाले, "काकू, मला इकडं कायमची पाठवलीय का?" आणि मोठ्यानं रडायला लागले.

काकू माझ्यासमोर खाली बसली. तिचेही डोळे वाहत होते, पण आवाज नेहमीसारखाच, तुसडा. "अक्काची पोर तू. मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते, राहा म्हणून? ती म्हणेपर्यंत मला म्हणता येत नव्हतं." तिनं परकर माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. "चांगले परकर किती आहेत तुला?"

"दोन," मी म्हणाले.

"आणि निळा कुठाय?"

"तिकडं. दोरीवर वाळत घातलाय."

"मग रडतीस कशाला?" काकू म्हणाली. "एक हितं दिलाय, एक तिकडं ठेवलाय." मग तिनं तो परकर आईनं घातलेली घडी न मोडता उचलला, आत नेला आणि स्वतःच्या पेटीत, तिच्या लुगड्यांवर ठेवला.